महाग औषधाचा हिशेब कोण मांडतो?

नवे बियाणे बाजारात आले की तुम्ही मला विचारता, "साहेब, पिशवी महाग आहे, पण परवडेल का?" विद्यापीठाच्या चाचणीत जुने आणि नवे वाण शेजारी शेजारी पेरलेले असते. खत, फवारणी, मजुरी वजा जाता एकरी काय उरले, ते बघून मी उत्तर देतो. कंपनीचे पत्रक बघून नव्हे.

औषधोपचाराचेही तसेच आहे. औषध लागू पडते की नाही, हे परवाना देण्याआधी तपासतात. पण जुन्यापेक्षा गुण किती जास्त आणि त्यासाठी पैसा किती जास्त, हा हिशेब निराळा. इंग्लंडात त्यासाठी १९९९ साली 'नाइस' नावाची सरकारी संस्था निघाली. निरोगी आयुष्याचे एक वर्ष पदरात पडायला किती पौंड लागतात, हे ती मोजते. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली हे काम हाती घेतले.

त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासांत एक मोतीबिंदूचा होता. तुमच्या घरातल्या आजीचाच प्रश्न म्हणा ना! डोळ्यात बसवायचे भिंग कडक असते, तसे घडीचेही असते. घडीच्या भिंगाला छेद लहान पुरतो, पण भिंग महाग आणि त्या शस्त्रक्रियेला यंत्रही महागाचे. दुसरी पद्धत हाताने, छोट्या छेदातून, कडक भिंग बसवायची. सरकारी खर्चाने करायचे तर हीच पद्धत सरस, असे त्या अभ्यासातून निघाले. (आजीच्या डोळ्यासाठी काय योग्य, ते मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.) वाचलेल्या पैशात आणखी कितीतरी म्हाताऱ्यांना दिसू लागेल.

आता हे मोजणाऱ्यांचा पगार कोणी द्यायचा? 'नाइस' २०१९ पासून औषध कंपन्यांकडून तपासणीची फी घेते. फी भरली म्हणून निकाल बाजूने लागत नाही, हे खरे. तरी मला विचाराल तर मापाड्याचा पगार सरकारी तिजोरीतूनच व्हावा. शिवाय माणसेही पुरेशी हवीत. या कामाला डॉक्टर लागतो, आकडेशास्त्र जाणणारा लागतो, अर्थशास्त्राचा जाणकार लागतो. अशी माणसे एका वर्षात तयार होत नाहीत. पुढारी गावात आले की आपण दवाखान्याची इमारत मागतो. या जागा भरल्या का, हे कोणी विचारत नाही.

रिकाम्या जागेने काय होते, ते मी भोगले आहे. एका केंद्रावर नोंदी ठेवणाऱ्या सहायकाची जागा दोन वर्षे भरलीच नाही. चाचणीचे पीक उभे राहिले, पण वजन कोणी केले नाही. त्या खरिपाला मी पत्रक वाचूनच वाण सांगितले. उतारा निम्माही आला नाही. त्यातले एक काका आजही बांधावर भेटले की आधी त्या पिशवीची किंमत सांगतात, मग रामराम करतात.