‘धग’मधील कौतिक आणि पडद्यावरचा वर्ग

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या उपक्रमाद्वारे मोबाईलच्या पडद्यावर वर्ग भरू लागले. गणिताचे उदाहरण पडद्यावर सोडवून दाखविता येते; परंतु कादंबरीतील माणसे विद्यार्थ्यांपर्यंत कशी पोहोचवावीत, हा प्रश्न भाषाशिक्षकांपुढे उभा राहिला. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी ऑनलाईन वर्गाचे साधन हाती राहिले आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार आजही अगत्याचा ठरतो.

यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्यात त्याचे उत्तर जवळच सापडते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील लेखक उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे निवेदन प्रमाण मराठीत असले, तरी संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत. ‘मले’, ‘तुले’ म्हणणारी माणसे नेरच्या विद्यार्थ्यांच्या घरचीच होत. ज्या बोलीबद्दल वर्गात संकोच वाटतो, ती साहित्याची भाषा झालेली पाहून मुले मोकळेपणाने बोलू लागतात. याच वऱ्हाडातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले, हेही शिक्षकांनी जरूर सांगावे.

व्यक्तिरेखांचा विचार

कादंबरीच्या केंद्रस्थानी कौतिक आहे. पती महादेव शिंपीकाम करणारा, पण संसाराचा भार न पेलणारा. पुढे त्याला महारोग जडतो. कौतिक काबाडकष्ट करून घर सावरू पाहते, मुलांनी शिकावे म्हणून झटते. पण दारिद्र्याची धग तिला सोडीत नाही आणि अखेरीस तिचेच मन ढासळते. महादेव दोषी की हतबल? कौतिक हरली काय? अशा प्रश्नांची उत्तरे एका शब्दात न घेता, कोणत्या प्रसंगावरून तसे वाटले, हे विद्यार्थ्यांना सांगावयास लावावे. महारोग्याला समाज दूर का लोटीत असे, याचीही चर्चा व्हावी. १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बहुविध औषधोपचार सुरू झाला. आज हा रोग पूर्ण बरा होतो व औषधे विनामूल्य मिळतात, ही माहिती या निमित्ताने घरोघरी जाईल.

वर्गाची आखणी

एखाद्या प्रसंगातील संवाद विद्यार्थ्यांकडूनच वाचवून घेऊन त्याचे ध्वनिमुद्रण आदल्या सायंकाळी सर्वांना पाठवावे. अनोळखी शब्दांचे अर्थ मुलांनी आजी-आजोबांना विचारावेत. दुसऱ्या दिवशी चार-पाच जणांच्या गटाने एकेका पात्राची बाजू मांडावी. चित्राशिवाय केवळ आवाजावर चर्चा चालविली, तर इंटरनेटचा खर्चही कमी होतो.

यातील खरी अडचण वेगळी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील एकुलता मोबाईल आईवडिलांबरोबर शेतात जातो आणि मूल वर्गाला मुकते. मुलांच्या शिक्षणासाठी खपणाऱ्या कौतिकची चर्चा चालू असावी आणि मजूर आईचेच मूल त्या चर्चेबाहेर राहावे, हे उचित नव्हे. म्हणून असे वर्ग सायंकाळी ठेवावेत. ज्या ग्रामपंचायतीत इंटरनेटची जोडणी आहे, तेथे सदस्यांनी सभागृह तासभर उघडून द्यावे. एका पडद्यासमोर दहा मुले बसू शकतात.

शिक्षकाने पुस्तक निवडावे आणि पंचायतीने जागा द्यावी. एवढे झाले तरी कौतिकची जिद्द तिच्यासारख्याच घरातील मुलांपर्यंत पोहोचेल.