गृहपाठ म्हणून सोडवला, प्रबंध म्हणून गाजला!

१९३९ साल, बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. जॉर्ज डँट्झिग वर्गात उशिरा पोहोचला. फळ्यावर दोन गणितं दिसली, ती गृहपाठाची समजून त्यानं उतरवून घेतली. थोडी अवघड गेली, म्हणून वही द्यायला उशीर झाल्याबद्दल प्राध्यापक येर्झी नेमन यांची त्यानं माफीही मागितली. काही आठवड्यांनी रविवारी सकाळी नेमन स्वतः त्याच्या दारात हजर! ती संख्याशास्त्रातली तोवर न सुटलेली प्रमेयं होती. पुढे प्रबंधाचा विषय शोधायची वेळ आली, तेव्हा नेमन म्हणाले, तीच दोन उत्तरं एकत्र बांधून दे. याच डँट्झिगनं १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि ऑपरेशन्स रिसर्चला आपलं सर्वांत धारदार हत्यार मिळालं.

तुटपुंज्या साधनांतून सर्वांत चांगला निर्णय कसा काढायचा, हे या शास्त्राचं काम. त्यातला पहिला पीएचडी म्हणून एमआयटीच्या जॉन लिटलचं नाव घेतात. साल १९५५, गाईड भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मॉर्स. विषय होता, जलविद्युत प्रकल्पातलं साठवलेलं पाणी कधी सोडायचं आणि किती राखायचं. नंतर लिटल स्वतः शिकवत असताना एका विद्यार्थ्यानं विचारलं, रांगेचा एक नियम सरसकट सिद्ध करणं कितपत कठीण? फार नसावं, असं लिटल म्हणाला. मग तुम्हीच करा की, असं उत्तर आलं! १९६१ मध्ये त्यानं ते करून दाखवलं. नियम असा: दवाखान्यात तासाला १२ पेशंट येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी अर्धा तास थांबत असेल, तर कोणत्याही क्षणी तिथे सरासरी ६ जण असणार. इतका सोपा, इतका सुंदर नियम!

प्रबंध जाडजूडच हवा असं थोडंच आहे? प्रिन्स्टनच्या जॉन नॅशचा १९५० चा प्रबंध जेमतेम २८ पानांचा, आणि १९९४ चं नोबेल त्यातल्याच कामासाठी. त्याचे गाईड अल्बर्ट टकर यांनी हॅरल्ड कून यांच्यासोबत १९५१ मध्ये इष्टतमतेच्या प्रसिद्ध अटी मांडल्या. पण विल्यम करुशनं त्या १९३९ मध्येच शिकागोच्या एम.एस.च्या प्रबंधात लिहून ठेवल्या होत्या! आज तिघांचीही नावं एकत्र घेतात, ते योग्यच झालं.

शिकागोतच हॅरी मार्कोविट्झच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन अडून बसले, की हा प्रबंध अर्थशास्त्राचा नव्हेच. पदवी मिळाली आणि १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही. ऑपरेशन्स रिसर्च या विषयाला असं एकच घर कधी नसतंच. दिल्ली विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आयआयटी मुंबईत तो इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या जोडीनं शिकवतात, आणखी कुठे गणित किंवा मॅनेजमेंटच्या इमारतीत सापडतो. ही सरमिसळ मला त्याची खरी ताकद वाटते.

आणि आपला नरेंद्र करमरकर! आयआयटी मुंबईचा इंजिनिअर, पीएचडी १९८३ मध्ये डँट्झिगच्याच बर्कलीतून. वर्षभरात, बेल लॅब्जमध्ये असताना, त्यानं सिम्प्लेक्सला तगडा प्रतिस्पर्धी उभा केला. सिम्प्लेक्स शक्य उत्तरांच्या प्रदेशाच्या कडेकडेनं चालते, करमरकरची पद्धत थेट आतून वाट काढते. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली.

तरी एक प्रश्न उरलाच आहे. गणितातले आकडे कितीही लांबलचक असोत, पायऱ्यांची संख्या फक्त चलांच्या आणि अटींच्या संख्येवर ठरेल आणि भडकणार नाही, अशी रीत लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी, म्हणजे या दोन्ही पद्धती सोडवतात त्या गणितांसाठी, आहे का? स्टीव्हन स्मेल यांनी एकविसाव्या शतकासाठी काढलेल्या यादीत हा नववा प्रश्न आहे. अजून कुणालाही सुटलेला नाही.