नदीदेवतांचा तंटा, लंडन शहरात

इंग्रजी वाचणारी मुले घरात असतील आणि त्यांना शहरातल्या जादूटोण्याच्या, भुताखेतांच्या कादंबऱ्यांची गोडी असेल, तर बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही माला जरूर सुचवावी. पहिले पुस्तक २०११ चे. खुनाची साक्ष चक्क भूत देते, ती ऐकतो पीटर ग्रँट हा पोलीस शिपाई! पुढे थेम्स नदीच्या वरच्या अंगाचा म्हातारा देव आणि खालच्या अंगाची देवी यांचा हद्दीचा तंटा त्यालाच मिटवावा लागतो. पाटाच्या टेलला ज्यांचे शेत आहे, त्यांना हा तंटा समजावून सांगायला नको. देवीच्या लेकी म्हणजे उपनद्या. त्यांतली फ्लीट तर आज रस्त्यांखालच्या गटारातून वाहते. पाचव्या पुस्तकात पीटर हरवलेल्या दोन मुलींच्या शोधात हेरफर्डशायरच्या खेड्यात जातो. मला तेच अधिक आवडले, पण वाचन क्रमानेच करावे. जिम बुचर यांची शिकागोतल्या मांत्रिकाची ‘ड्रेस्डेन फाइल्स’ त्यानंतर घ्यावी. तिची पहिली दोन पुस्तके जरा नेटाने वाचावी लागतात.