स्पेक्ट्रो खरं सांगतो का?

कोल्हापूरच्या फाउंड्रीत पाहुणा आला की त्याला भट्टी दाखवतात. कास्टिंगचा निकाल मात्र शेजारच्या वातानुकूलित खोलीत लागतो. तिथे स्पेक्ट्रोमीटर असतो. सगळ्यांच्या तोंडी नुसता ‘स्पेक्ट्रो’.

उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या जोरावर वाढलेला हा धंदा आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत पसरला आहे. वाहन कंपन्या कास्टिंगबरोबर त्याच्या रासायनिक पृथक्करणाचा अहवालही मागतात.

भट्टीतला थोडा धातू तांब्याच्या साच्यात ओतून झटकन गोठवतात. सावकाश गोठला तर कार्बनचा ग्राफाइट होतो आणि आकडा चुकतो. नमुना घासून स्टँडवर ठेवला की आरगॉनमध्ये ठिणगी उडते, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देते आणि थोड्याच वेळात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, गंधक उमटतात.

यंत्र मात्र नकळत सरकत असते. गंधक आणि फॉस्फरसचा प्रकाश १८० नॅनोमीटरच्या आसपासचा. हवा तो शोषून घेते. भिंग मळले, आरगॉन अशुद्ध आला, की हे आकडे ढळू लागतात. पडदा तितक्याच ठामपणे दशांश दाखवत राहतो.

म्हणून जाणता केमिस्ट पाळी सुरू होताच घटक माहीत असलेला नमुना स्पार्क करतो. आधी डाग निरखतो. मधोमध खोल, भोवती काळपट वलय असेल तर ठीक. पांढुरका, पसरट असेल तर आरगॉन तपासायचा. मग आकडा तक्त्यावर मांडतो. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये अमेरिकेत सुचवलेला हाच तो नियंत्रण तक्ता: मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली तीन प्रमाण विचलनांवर मर्यादा. ठिपका बाहेर गेला की थांबायचे. सलग आठ ठिपके एकाच बाजूला पडले, तर सगळे मर्यादेत असूनही थांबायचे. किरकोळ चढउतारासाठी मात्र यंत्राला हात लावायचा नाही. सारखे जुळवत बसल्याने चढउतार वाढतोच. हा संयम कौतुकाचा आहे.

तो टिकवणे अवघड. भट्टीत धातू तयार, वीज जळतेय, ओतणारे खोळंबलेले. मॅग्नेशियम दिलेले एसजी आयर्न तर सुमारे दहा मिनिटांत ओतावेच लागते, नाहीतर मॅग्नेशियमचा परिणाम ओसरतो. अशा वेळी ‘आधी यंत्र तपासतो’ म्हणणाऱ्या केमिस्टच्या पाठीशी मालक उभा हवा. प्रमाणित नमुने महाग, शिवाय दर घासणीला झिजतात. रोजच्यासाठी आपल्याच भट्टीतले एकजिनसी नमुने त्यांच्याशी ताडून वापरता येतात, पण ते तयार करायलाही वेळ द्यावा लागतो.

ज्या छोट्या फाउंड्रीला स्पेक्ट्रो परवडत नाही, तिचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईपर्यंत साचे भरून झालेले असतात. तिथली एनएबीएल मान्यता पाहावीच, पण गेल्या महिन्याचा तक्ताही मागावा. कार्बन ३.४ टक्के, एवढ्या एका ओळीवरून यंत्र त्या दिवशी कोणत्या बाजूला झुकले होते ते कळत नाही.