बिशप, प्रेस्बिटरी आणि राजसत्ता : स्कॉटलंडमधील धर्मसंघर्ष

ख्रिस्ती धर्मसंस्थेचा कारभार कोणी पाहावा, या प्रश्नावरून स्कॉटलंडमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ संघर्ष चालला. वरवर पाहता हा उपासनाविधीचा वाद वाटतो. तथापि दोन्ही पक्ष प्रॉटेस्टंटच होते आणि मूळ श्रद्धातत्त्वांबाबत त्यांच्यात प्रारंभी फारसे अंतर नव्हते. वादाचे मूळ अधिकाररचनेत होते.

ग्रीक भाषेत ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वडील, तर ‘एपिस्कोपोस’ म्हणजे देखरेख करणारा. या दुसऱ्या शब्दावरूनच ‘बिशप’ हा शब्द आला. नव्या करारात हे दोन्ही शब्द एकाच पदासाठी येतात, असे प्रेस्बिटेरियनांचे प्रतिपादन होते. म्हणून सर्व पाळक समान, आणि कारभार पाळक व वडील यांच्या सभांकडे. बिशपांचे समर्थक मात्र प्राचीन काळापासून चालत आलेल्या परंपरेचा आधार घेत.

बिशप राजा नेमी. सभा नेमता येत नाही. राजसत्तेला या वादात रस होता तो यामुळेच. १५९२ मध्ये स्कॉटिश संसदेने प्रेस्बिटेरियन व्यवस्था मान्य केली होती. परंतु सहाव्या जेम्सने १६१० पर्यंत बिशपांचे अधिकार पुन्हा प्रस्थापित केले. बिशप गेले तर राजाही उरणार नाही, हे त्याने १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत स्पष्टच बोलून दाखविले.

त्याचा पुत्र पहिला चार्ल्स याने १६३७ मध्ये नवे प्रार्थनापुस्तक लादले, तेव्हा एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल उसळली. (जेनी गेडिस नावाच्या स्त्रीने स्टूल फेकल्याची कथा लोकप्रिय आहे, तिचा समकालीन पुरावा मात्र दुबळा आहे.) फेब्रुवारी १६३८ मध्ये ‘राष्ट्रीय करारा’वर स्वाक्षऱ्या सुरू झाल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे महासभा भरली. राजाच्या प्रतिनिधीने ती विसर्जित केली आणि तो निघून गेला. सभासद मात्र बसून राहिले व त्यांनी बिशपपदच रद्द केले. राजाज्ञेविना सभा चालू शकते, हे तेथे प्रत्यक्ष सिद्ध झाले. १६३९ व १६४० च्या ‘बिशपांच्या युद्धां’चा खर्च भागविण्यासाठी चार्ल्सला अकरा वर्षांनंतर इंग्लिश संसद बोलवावी लागली, आणि यादवी युद्धाची वाट मोकळी झाली.

१६६० मध्ये राजसत्ता परतल्यानंतर बिशपही परतले. अडीचशेहून अधिक पाळकांना आपली पदे सोडावी लागली, माळरानावर गुप्त उपासना होऊ लागल्या, आणि १६७९ मध्ये आर्चबिशप जेम्स शार्प यांची हत्या झाली. १६९० मध्ये अखेर प्रेस्बिटेरियन व्यवस्था कायम झाली. त्यामागे धर्मशास्त्रापेक्षा राजनिष्ठेचे कारण बलवत्तर होते : स्कॉटिश बिशपांनी नव्या राजाला, विल्यमला, मान्यता देण्याचे नाकारले होते. विजेत्यांनीही औदार्य दाखविले नाही. बिशपपक्षीय पाळकांची मोठ्या संख्येने हकालपट्टी झाली.

मिशनऱ्यांबरोबर या दोन्ही परंपरा भारतात आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन वारशाच्या मंडळ्या, इतर काही पंथांसह, एकत्र आल्या. तेथे बिशपपद राखले गेले. परंतु ते सिनॉडच्या घटनात्मक चौकटीत बसविण्यात आले.