अण्णांचा माउस माझ्या हातात!

तुमच्या आजोबांनी कधी फोन करून विचारलंय का, "अरे, ह्या कॉम्प्युटरला काय झालंय बघ रे जरा"? विचारलं असेल, तर पुढची गंमत तुम्हाला ठाऊकच आहे.

माझे वडील, म्हणजे अण्णा, गडहिंग्लजला राहतात आणि मी ठाण्यात शिकवते. निवृत्त झाल्यापासून अण्णा गावच्या जुन्या आठवणी संगणकावर मराठीत लिहून काढतात. एक दिवस मराठी अक्षरं उमटेनाशीच झाली. लगेच फोन!

"अण्णा, खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"पानाचा डबा," अण्णा म्हणाले.

हसू नका. अर्धा तास असंच चाललं. वर्गात एकच गणित दहादा न कंटाळता सांगणारी मी, अण्णांवर मात्र चिडले. "राहू दे गं," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस एक ओळही लिहिली नाही. मला फार वाईट वाटलं.

मग मी दूरनियंत्रणाची साधनं शोधायला बसले. यात होतं काय, तर अण्णांच्या पडद्याचं चित्र इंटरनेटवरून माझ्या पडद्यावर येतं आणि माझ्या माउसच्या हालचाली उलट त्यांच्याकडे जातात. चित्र दरवेळी सगळं पाठवावं लागत नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवला तरी भागतं. ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथल्या एका प्रयोगशाळेने 'व्हीएनसी' नावाचं असं साधन १९९८ मध्येच सर्वांना मोफत खुलं केलं होतं.

आता साधनं तर ढीगभर. निवडायचं कसं? मी एकच प्रश्न विचारला : अण्णांना कमीत कमी काय करावं लागेल? मदत करणाऱ्याची सोय नंतर बघू.

दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल, तर 'क्विक असिस्ट' बहुधा आधीपासून आत असतंच. कंट्रोल, विंडोजचं चिन्ह आणि क्यू अशा तीन कळा एकदम दाबल्या की ते उघडतं. मदत करणाऱ्याचं मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं (तुम्ही आईबाबांना विचारून त्यांचं वापरा हं!), पण अण्णांना खातं लागत नाही. मला एक कोड मिळतो. तो मी फोनवर सांगते, ते टाइप करतात. थोड्याच मिनिटांत तो कोड निकामी होतो. पडदा दाखवायला अण्णांची परवानगी लागते आणि माउस हाती घ्यायला पुन्हा वेगळी. काही वेळा तर विंडोज स्वतःच 'हा बदल करू का?' असं विचारतं, तेव्हा माझ्याकडे पडदा काळाकुट्ट होतो आणि 'हो' अण्णांनाच म्हणावं लागतं. आधी मला ही कटकट वाटली. आता वाटतं, बरंच आहे.

एकीकडे विंडोज नसेल तर 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' आहे. त्यात उलटं असतं. बारा आकडी क्रमांक अण्णांकडे उमटतो आणि ते तो मला सांगतात. 'टीमव्ह्यूअर' आणि 'एनीडेस्क' ही जर्मनीतल्या कंपन्यांची साधनंही चांगली आहेत. त्यांत कायमचा पासवर्ड ठेवून, समोर कुणी नसतानाही शिरता येतं. मला ते सोयीचं वाटलं होतं. पण अण्णा म्हणाले, "मी जेवायला गेलो असताना माझ्या खोलीत कुणी शिरायचं म्हणजे काय?" मी तो विचार सोडला.

आणि बरंच झालं सोडला ते! काही दिवसांनी अण्णांना एका अनोळखी माणसाचा फोन आला. "बँकेतून बोलतोय. हे ॲप घ्या आणि आलेला नंबर सांगा, नाहीतर खातं बंद होईल." अण्णा म्हणाले, "माझी लेक आधी विचारते, मग हात लावते. तू कोण रे बाबा?" आणि फोन ठेवून दिला. याच युक्तीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. साधन तेच असतं. चोराच्या हाती गेलं की तो पडद्यावरचे ओटीपीसुद्धा वाचतो. म्हणून आमच्या घरी असं ठरलंय की मदत अण्णांनीच मागायची, तीही स्वतः मला फोन लावून. तुमच्या घरी कुणी फसलंच, तर आधी इंटरनेट तोडा आणि ताबडतोब १९३० वर फोन करा.

हो, त्या मराठी अक्षरांचं काय झालं? विंडोजची कळ आणि स्पेसबार चुकून एकदम दाबले गेले होते, त्यामुळे भाषा बदलली होती. पुन्हा तेच दाबलं, झालं! आता अण्णा ते स्वतःच करतात आणि शेजारच्या काकांनाही शिकवतात. पानाचा डबा मात्र अजून त्याच कोपऱ्यात आहे. माझ्या पडद्यावर तो दिसत नाही, पण अडकित्त्याचा आवाज फोनवर ऐकू येतो.