रोज ४०० ग्रॅम भाजी पोटात जाते का? हिंजवडीच्या डब्याचा हिशेब मांडून बघू

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, "रोज भाजी खाता का?" उत्तर ठरलेलं असतं. "म्हणजे काय, डब्यात असतेच की!"

आणि ते खरंही असतं. डब्यात भाजी असते. प्रश्न एवढाच आहे की किती असते?

भाजी किती खायला हवी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला साधारण २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असावीत, असं त्यात सांगितलंय. हे वजन कच्च्या भाजीचं आहे, शिजवलेल्या नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा थोडा सोपा आहे. फळं आणि भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅम. पण तिथे एक अट आहे. बटाटा, रताळं यांसारखे पिठूळ कंद त्यात धरायचे नाहीत. म्हणजे बटाट्याची भाजी पोट भरते, पण या हिशेबात तिचे गुण शून्य.

आता घराचा हिशेब करा. चार माणसांना प्रत्येकी ४०० ग्रॅम म्हणजे दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम. आठवड्याला ११ किलोच्या वर. आपली सवय मात्र "पाव किलो भेंडी द्या" म्हणायची. ती पाव किलो भेंडी चौघांत वाटली की माणशी साठेक ग्रॅम होते.

एका दिवसाची बेरीज

हिंजवडीतला एक साधा दिवस घेऊ. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज यायला पुरेसे.

- सकाळी पोहे. त्यातला कांदा साधारण २५ ग्रॅम.
- दुपारी डबा. भाजीचा छोटा कप्पा, साधारण ७५ ग्रॅम.
- संध्याकाळी चहा आणि वडापाव. शून्य.
- रात्री मागवलेली पनीरची भाजी. रश्शातला कांदा-टोमॅटो साधारण ५० ग्रॅम.

एकूण १५० ग्रॅम. तिन्ही वेळा नीट जेवलो असं वाटतं, पण भाजी निम्म्याहूनही कमी पोटात गेलेली असते.

याने काय बिघडतं?

भाजीतून फायबर, फोलेट, पोटॅशियम, 'क' जीवनसत्त्व मिळतं. फायबरमुळे पोट साफ राहतं आणि कमी खाऊनही भरल्यासारखं वाटतं. ताटातली भाजी कमी झाली की ती जागा भात, पोळी, पाव आणि तळलेले पदार्थ घेतात.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा जास्त गंभीर आहे. हैदराबादमधल्या ३४५ आयटी कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ८४ टक्के जणांच्या यकृतात चरबी वाढलेली आढळली. बैठं काम, ताण, अपुरी झोप आणि अवेळी खाणं या सगळ्यांचा त्यात वाटा असतो, एकट्या भाजीचा दोष नाही. पण हिंजवडीतल्या माणसाचा दिनक्रम हैदराबादपेक्षा फार वेगळा आहे का?

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला होता. पालेभाजीत लोह असतं, पण शरीर त्यातलं थोडंच शोषून घेतं. जेवताना लिंबू पिळलं तर ते शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी होतं. म्हणून चहा तासभर पुढे ढकलला तरी फायदा आहे.

अडचण चवीची नाही, चिरण्याची आहे

"भाज्या जास्त खा" हे सांगणं सोपं आहे. पण मेथीची जुडी निवडायला अर्धा तास जातो. गवारीच्या शिरा काढायच्या, मटार सोलायचे, शेपू चार पाण्यांतून धुवायचा. वाकडच्या पुलापासून फेज थ्रीपर्यंत गर्दीत तास घालवून घरी आलेल्या माणसाला हे कुणी सांगावं?

शिवाय बहुतेक घरांत हे काम एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतं. घरात भाजी दुप्पट करायची ठरवली की तिचं कामही दुप्पट होतं. मग ठराव चार दिवसांत गुंडाळला जातो आणि दोष भाजी न आवडण्याला दिला जातो.

म्हणून भाज्यांची वाटणी चवीप्रमाणे करण्यापेक्षा कष्टाप्रमाणे करून बघा.

पहिला गट, धुतली की तयार: काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा. हा गट रोजचा. डब्यात टाकायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा गट, दहा मिनिटांत चिरून होणारी: दुधी, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, दोडका, वांगी, भोपळा. हा गट कामाच्या दिवसांचा.

तिसरा गट, बैठक मारून करायची: मेथी, शेपू, गवार, घेवडा, मटार. हा गट सुट्टीचा. शनिवारी-रविवारी सगळ्यांनी मिळून, टीव्हीसमोर बसून निवडायचा. निवडलेली पालेभाजी न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. धुवायची ती शिजवण्याआधी. चिरायची धुतल्यानंतर, नाहीतर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर निघून जातात.

तोच दिवस, पण ४०० ग्रॅमचा

आता वरचाच दिवस पुन्हा घेऊ. नवा पदार्थ शिकायचा नाही, आहे त्यातच भर घालायची.

- पोहे: कांद्याबरोबर मूठभर मटार आणि किसलेलं गाजर. ५० ग्रॅमची भर, एकूण ७५. उपमा, शेवयांचा उपमा यांनाही हेच लागू.
- डबा: भाजीचा कप्पा तेवढाच, ७५ ग्रॅम. बरोबर वेगळ्या डबीत काकडी-टोमॅटो, १०० ग्रॅम.
- संध्याकाळ: वडापाव सोडा असं कुणी म्हणत नाही. त्याआधी एक गाजर खा, ६० ग्रॅम. दुसऱ्या वडापावची भूक बहुधा उरणार नाही.
- रात्र: वरणाच्या कुकरमध्येच दोन मुठी पालक किंवा दुधीच्या फोडी, ६० ग्रॅम. सोबत दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ५० ग्रॅम.

बेरीज ४२० ग्रॅम. यासाठी स्वयंपाकाला जास्तीची एकही भाजी करावी लागली नाही.

थालीपिठाच्या पिठात किसलेला दुधी किंवा कोबी, धिरड्यात पालक, खिचडीत दोन-तीन भाज्या हे उपायही याच जातीचे. कोशिंबिरीला तेलाची फोडणी किंवा दाण्याचं कूट हवंच. गाजरातला बीटा कॅरोटीनसारखा घटक शरीरात शोषला जायला थोडी स्निग्धता लागते. आजीची पद्धत इथे शास्त्रालाही धरून आहे.

खरं तर एका भांड्यात अनेक भाज्या घालणं आपल्याला नवीन नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते आणि ऋषिपंचमीला ऋषीची भाजी. वर्षातून एकदा करतो ते आठवड्यातून एकदा केलं तर फ्रिजमध्ये उरलेलं अर्धं गाजर, दोन वांगी आणि मूठभर घेवडा एकाच वेळी संपतो.

पीजीत राहतोय, स्वयंपाकघरच नाही. मग?

मग पहिला गट तुमचा. खोलीत एक सुरी, एक सालकाढणं आणि घट्ट झाकणाचा डबा एवढं पुरे. येता-जाता रस्त्याकडेच्या गाडीवरून दोन दिवस पुरतील एवढ्याच काकड्या-गाजरं घ्या आणि स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवा. पावसाळ्यात जास्त काळजी घ्या.

मेसच्या काकूंशी एकदा बोलून बघा. "आठवड्यातून दोनदा बटाट्याऐवजी दुसरी भाजी द्याल का?" असं चार-पाच जणांनी मिळून विचारलं, तर त्यांनाही बदल करणं परवडतं. बाहेरून मागवताना पनीरऐवजी भेंडी, वांग्याचं भरीत किंवा डाळ-पालक निवडता येतं. कांदाभजी आणि मंच्युरियन मात्र भाजीच्या खात्यात जमा करू नका!

कुणी जपून?

आधी भाजी कमी खात असाल तर एकदम ४०० ग्रॅमवर उडी मारू नका, पोटात गॅस धरेल. दर आठवड्याला थोडी वाढवा आणि पाणी पुरेसं प्या. किडनीचा आजार, मुतखडा असेल किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कोणती भाजी किती खायची हे आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सुरुवात कुठून करायची? उद्याच्या डब्यात एक काकडी टाकण्यापासून. घरात कुणी दुसरं डबा भरत असेल, तर ती काकडी स्वतः चिरा.